आई विसरतेय, पण कधीपासून?

(वाचक मैत्रिणीचं पत्र, ओळख पटेल असे तपशील बदलून, थोडक्यात)

माझी आई ७३ वर्षांची. लालबागच्या चाळीत ४६ वर्षं राहिली. बाबा गेल्या दिवाळीनंतर गेले. मार्चमध्ये चाळ पुनर्विकासाला गेली आणि आई कांदिवलीला दादाकडे, चौदाव्या मजल्यावर राहायला आली. मी मुलुंडला असते. नोकरी आणि मुलाची बारावी यांतून पंधरा दिवसांनी एकदा जाणं होतं. गेल्या दोन-तीन महिन्यांत आई फार विसरते. तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारते. एकदा गॅसवर दूध ठेवून झोपली. एकदा लिफ्टमधून दुसऱ्याच मजल्यावर उतरली आणि परक्या दाराला किल्ली लावत बसली. काही दिवस अगदी ठीक असते, काही दिवस संध्याकाळी बाबांना हाका मारते. पाय घासत चालते. तिला चौदा वर्षं मधुमेह आहे, बीपी आहे, रक्त पातळ होण्याची गोळी आहे, बाबा गेल्यापासून झोपेची गोळीही आहे. गणपतीत बाथरूममध्ये घसरली होती, पण नुसतं टेंगूळ आलं, दोन दिवसांत उतरलं. दादाच्या ओळखीच्या डॉक्टरांनी पाच मिनिटांत डिमेन्शिया सांगून गोळी सुरू केली. दादा म्हणतो, आजीलाही असंच झालं होतं, वय झालं, तपासण्या करून तिचे हाल कशाला? त्याने कर्जतच्या बाजूला एक सेवाकेंद्र पाहून ठेवलंय आणि नव्या जागेच्या कामासाठी आईची कुलमुखत्यारपत्रावर सही घ्यायची तयारी चालवली आहे. मी काही बोलले की म्हणतो, "सांभाळतो मी. पंधरा दिवसांनी येऊन मला शिकवू नकोस." मी हे स्वीकारायला हवं का? की हट्ट धरून तपासण्या करून घेऊ? आणि तपासण्यांतूनही तेच निघालं तर?

प्रिय मैत्रिणी,

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी मी तुम्हाला दोन ओळी पाठवल्या होत्या: आईच्या डोक्याचा सीटी स्कॅन या आठवड्यात करून घ्या, बाकीचं सावकाश बोलू. हे छापून येईपर्यंत तो झाला असेल अशी आशा करते. एवढी घाई का केली, ते आधी सांगते, कारण असंच टेंगूळ अनेक घरांत येऊन उतरून गेलेलं असतं.

वय वाढतं तसा मेंदू थोडा आकसतो, आणि मेंदू व कवटी यांच्यामधल्या बारीक शिरा ताणल्या जातात. मग डोक्याला लागलेला हलका मारसुद्धा त्यातली एखादी शीर फुटायला पुरतो. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर जास्तच. रक्त एकदम वाहत नाही, झिरपत राहतं. माणूस पडल्यावर उठतो, चहा पितो, "काही नाही झालं" म्हणतो. आत मात्र कित्येक आठवडे रक्त साचत जातं आणि मेंदूवर दाब येतो. मग माणूस विसरायला लागतो, गुंगीत राहतो, चाल बदलते, कधी एका बाजूचा हात-पाय जड पडतो. तोपर्यंत पडलेलं सगळे विसरून गेलेले असतात. साधा सीटी स्कॅन, कसलंही इंजेक्शन न देता काही मिनिटांत होतो आणि हे रक्त त्यात दिसतं. गरज पडली तर कवटीला छोटी छिद्रं पाडून ते काढता येतं. तुमच्या आईला हेच झालंय असं मी म्हणत नाही, ते पत्रावरून कुणालाच सांगता येणार नाही. पण गणपतीत पडणं, रक्त पातळ करणारी गोळी आणि त्यानंतर वाढलेलं विसरणं या तीन गोष्टी एका पत्रात आल्यावर मला थांबवेना. आणि हे प्रत्येक वाचकासाठी: डोकं दुखणं, उलट्या, वाढती झोप किंवा एका बाजूचा अशक्तपणा दिसला तर ओपीडीच्या वाराची वाट पाहू नका, सरळ कॅज्युअल्टीत जा.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. तुम्ही विचारलंय, स्वीकारू का? माझा उलटा प्रश्न आहे: काय स्वीकारणार? आईला डिमेन्शिया आहे हे अजून कुणी तपासलेलंच नाही. आई विसरते एवढं आपल्याला माहीत आहे. ताप येतो तेव्हा तो मलेरियाचा की टायफॉइडचा हे पाहिल्याशिवाय मुंबईत कुणी गप्प बसत नाही. विसरण्याच्या बाबतीत मात्र आपण लक्षणालाच आजाराचं नाव देऊन मोकळे होतो.

सत्तरीच्या माणसाबद्दल आपल्याला हे इतकं सहज पटतं, याचं मला वाईट वाटतं. भारतात साठीच्या पुढच्या लोकांमध्ये डिमेन्शियाचं प्रमाण सुमारे ७.४ टक्के असल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. वयाबरोबर ते वाढत जातं हे खरं. तरी शंभरातल्या नव्वदाहून अधिक ज्येष्ठांना तो नसतो. म्हणून "वय झालं" हे कारण म्हणून मला चालत नाही.

माझ्याकडे आलेल्या कुटुंबांना मी सगळ्यात आधी एकच विचारते: कधीपासून? अल्झायमरसारखा डिमेन्शिया आणणारा आजार साधारणपणे वर्षांच्या हिशोबाने चोरपावलांनी येतो. घरच्यांना तारीख सांगता येत नाही, "दोन-तीन वर्षं झाली असतील, आधी लक्षात नाही आलं" असंच ते म्हणतात. तुमच्या पत्रात मात्र तारखा आहेत. दिवाळीनंतर बाबा, मार्चमध्ये घर, गणपतीत पडणं, त्यानंतरचे दोन-तीन महिने. दिवसांत किंवा आठवड्यांत झालेला बदल, आणि आज ठीक, उद्या भ्रमात असा वरखाली होणारा बदल, हे दोन्ही डॉक्टरांना दुसरीकडे शोधायला लावतात. पाच मिनिटांच्या भेटीत हे कुणी विचारलं नसणार. म्हणून ते तुम्ही लिहून न्या.

ते कसं लिहायचं? कालनिर्णयच्या ज्या चौकटीत आपण दुधाचा हिशोब लिहितो, त्याच चौकटीत वहिनींना दोन शब्द लिहायला सांगा. "छान", "सकाळी गोंधळ", "दुपारभर झोप", "जेवली नाही". आणि कोणती गोळी कधी बदलली तेही. पंधरा दिवसांचं ते पान डॉक्टरांना तुमच्या अर्ध्या तासाच्या बोलण्यापेक्षा जास्त सांगेल.

त्या पानाबरोबर गोळ्यांचा डबाही न्यायचा. आधी घरी वर्तमानपत्र पसरून तो त्यावर उलटा करा. काही वर्षांपूर्वी दादरच्या एका घरात मी असा श्रीखंडाचा रिकामा डबा उलटा केला होता. आजोबा रोज अकराच्या सुमारास असंबद्ध बोलायचे, घामाघूम व्हायचे, जेवल्यावर बरे व्हायचे. पाकिटांवरची मोठी नावं वेगवेगळी होती. सुनेने चष्मा लावून खालची बारीक अक्षरं वाचली, तर साखर उतरवणारं एकच औषध दोन कंपन्यांच्या नावांनी निघालं. एक जुन्या डॉक्टरांचं, एक नव्या. दोघांनाही एकमेकांचं ठाऊक नव्हतं. अकरा वाजता साखर पाहिली तेव्हा ती ५२ होती. त्या सुनेने पाकिटं दोन्ही हातांत धरून माझ्याकडे पाहिलं, ते मी विसरलेले नाही. तिने दोन्ही गोळ्या वर्षभर अगदी वेळेवर दिल्या होत्या.

तुमच्या आईच्या डब्यात काय काय सापडू शकतं? झोपेची गोळी तर आहेच. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या गटातल्या गोळ्या म्हाताऱ्या शरीरातून लवकर बाहेर पडत नाहीत. दिवसा गुंगी येते, तोल जातो, आठवण अंधुक होते. मात्र ती गोळी उद्यापासून बंद करू नका. या गोळ्या एकदम सोडल्या तर झटकेसुद्धा येऊ शकतात, डॉक्टरांच्या सांगण्याने हळूहळू उतरवाव्या लागतात. त्याशिवाय सर्दीच्या गोळ्यांतलं क्लोरफेनिरामिन, वारंवार लघवीला होतं म्हणून दिलेलं ऑक्सिब्युटिनिन, पायांच्या आगीसाठी दिलेलं अ‍ॅमिट्रिप्टिलीन ही औषधं स्मरणाला लागणारं मेंदूतलं रसायन अडवतात. डिमेन्शियाची म्हणून जी गोळी सुरू केली जाते ती बहुतेक वेळा डोनेपेझिल असते, आणि ती तेच रसायन वाढवण्यासाठी असते. दोन्ही एकत्र चालू असतील तर एका औषधाचं काम दुसरं पुसतंय. असं अनेक घरांत चाललेलं असतं, आणि डबा उलटा केल्याशिवाय ते दिसत नाही.

बीपीच्या गोळीत लघवी जास्त होण्याचं औषध मिसळलेलं आहे का, हे मुद्दाम पाहा. त्याने रक्तातलं सोडियम उतरू शकतं. हे मी माझ्या आत्यामुळे शिकले. परळला राहायची. तल्लख, पेपरातलं शब्दकोडं चहा निवायच्या आत सोडवायची. एका मे महिन्यात चार-पाच दिवसांत ती बदलली. शेजारच्या मुलीला आपल्या वारलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारू लागली, दुपारी तीनला "दिवे लावा" म्हणायची, पदराला गाठी मारत बसायची. घरात दबक्या आवाजात म्हातारचळ हा शब्द फिरला, आणि मीही तो मानला. त्यानंतर ती पडली, म्हणून रक्त तपासलं. सोडियम ११८ होतं. ते १३५ ते १४५ असायला हवं. महिन्यापूर्वी बीपीची गोळी बदलली होती. दवाखान्यात चार दिवस सावकाश सोडियम वर आणलं, कारण घाईने वाढवलं तर मेंदूला इजा होते. म्हणूनच घरी मीठपाणी पाजून हा इलाज करायचा नसतो. पाचव्या दिवशी सकाळी मी गेले तर ती उशीला टेकून बसली होती. मला म्हणाली, "तुळशीला पाणी कोण घालतंय?" त्या प्रश्नावर मी वॉर्डाबाहेर जाऊन रडले. त्यानंतर ती सात वर्षं जगली आणि शब्दकोडी सोडवत राहिली. तो साधा रक्ततपासणीचा कागद आम्ही आठ दिवस आधी केला असता तर ती पडली नसती, हे मला अजून टोचतं. तुम्हाला एवढ्या कळकळीने लिहितेय त्यामागे हेही आहे.

चौदा वर्षांचा मधुमेह म्हणजे बहुधा मेटफॉर्मिन. ती चांगली गोळी आहे, पण वर्षानुवर्षं घेतली की आतड्यातून बी-१२ हे जीवनसत्त्व कमी शोषलं जातं. अ‍ॅसिडिटीची गोळी रोज चालू असेल तर त्यात भर पडते. बी-१२ कमी झालं की तळपायांना मुंग्या येतात, पाय जमिनीवर नीट टेकल्याचं कळत नाही, चाल बिघडते आणि विसरायला होतं. हिमोग्लोबिन चांगलं असलं तरी हे होऊ शकतं, म्हणून "रक्त चांगलं आहे" यावर थांबू नका. बाबा गेल्यापासून आईने मासे-अंडी सोडलीत का, तेही विचारा. आपल्याकडे बऱ्याच बायका गुपचूप सोडतात. पण एकट्या वर्षभराच्या शाकाहाराने हे होणार नाही, शरीरातला साठा काही वर्षं पुरतो. मेटफॉर्मिनची चौदा वर्षं जास्त महत्त्वाची. रक्तातल्या बी-१२चा २०० पिकोग्रॅमच्या खालचा आकडा कमी धरतात, २०० ते ३०० काठावरचा. फक्त रक्त आधी द्या, इंजेक्शन नंतर. केमिस्टकडून ताकदीचं इंजेक्शन टोचून मग तपासलं तर आकडा फसवतो. आणि बी-१२ न पाहता नुसतं फॉलिक अ‍ॅसिड देऊ नये, त्याने रक्त सुधारतं पण नसांची हानी आत चालूच राहते.

थायरॉइडबद्दल थोडक्यात. बद्धकोष्ठ, जाड झालेला आवाज, कोरडी त्वचा, मुंबईच्या उकाड्यातही शाल, आणि सगळ्या हालचाली मंदावलेल्या असतील तर टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करून पाहायलाच हवं, आणि ही लक्षणं नसली तरी पाहायला हवं. रक्त तपासणीच्या त्याच चिठ्ठीवर कॅल्शियम, किडनी, लिव्हर, साखर, संपूर्ण रक्तगणना आणि लघवीची तपासणी येते. म्हाताऱ्या माणसाला फुप्फुसाचा किंवा लघवीचा संसर्ग ताप न येताही होऊ शकतो, आणि त्याचं पहिलं लक्षण कधीकधी भ्रम हेच असतं. संध्याकाळी बाबांना हाका मारणं आणि सकाळी शहाणं असणं, असं वरखाली होत असेल तर डॉक्टर "लक्ष" तपासतात, महिने उलटे म्हणायला सांगतात. लक्षच ठरत नसेल तर आधी संसर्ग, क्षार, औषधं यांच्यामागे जायचं असतं. त्याला डॉक्टर डेलिरियम म्हणतात आणि ती तातडीची गोष्ट मानतात.

पाय घासत चालणं तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. मी तिथे थांबले. चालताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे होणं, त्याबरोबर लघवीवर ताबा न राहणं आणि विसरणं, या तिन्ही गोष्टी एकत्र असतील तर मेंदूतल्या पोकळ्यांत पाणी साठण्याचा एक आजार असतो. १९६५ साली कोलंबियाचे सर्जन सालोमोन हाकिम आणि अमेरिकेचे रेमंड अ‍ॅडम्स यांनी त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. पाठीतून थोडं पाणी काढून चाल सुधारते का ते पाहतात, आणि सुधारली तर ते पाणी पोटाकडे वळवणारी बारीक नळी बसवता येते. सीटी स्कॅनमध्ये याचाही अंदाज येतो. लघवीचा प्रश्न मात्र तुमच्या आईला तुम्हीच एकांतात विचारा. मुलाला ती हे सांगणार नाही.

आता ज्या दुखण्याचा रिपोर्ट निघत नाही त्याबद्दल. एका वर्षात आईचा नवरा गेला आणि चाळ गेली. ४६ वर्षं जिच्या दारासमोरून दिवसभर माणसं जात होती, जिला कुणीतरी "काकू, कढीपत्ता आहे का?" विचारत होतं, ती चौदाव्या मजल्यावर बंद दाराआड बसते. लिफ्टचं दार उघडलं की सगळे मजले सारखे दिसतात, मलाही त्या इमारतींत चुकायला होतं. चाळीत ती कधी दार चुकली होती का? नवी जागा शिकणं या वयात अवघड असतं. परक्या दाराला किल्ली लावणं काळजीचं असेलही, पण तो एकटा पुरावा नाही.

उतारवयातलं नैराश्य रडत येईलच असं नाही. ते गप्प बसतं, पहाटे चारला उठतं, जेवण नको म्हणतं, आणि काहीही विचारलं की "आठवत नाही, जाऊ दे" म्हणतं. डॉक्टरांचा एक अनुभव असा, की नैराश्यातला माणूस आपल्या विसरण्याची स्वतःच तक्रार करतो, आणि डिमेन्शियाचा माणूस बऱ्याचदा ते झाकतो. ही काही पक्की कसोटी नाही. दोन्ही एकत्र असू शकतात, आणि कधी नैराश्य ही पुढच्या डिमेन्शियाची पहिली खूण असते, म्हणून उपचारांनी बरं वाटलं तरी वर्षभराने पुन्हा दाखवायचं. पण उपचार करायचे. मानसोपचारतज्ज्ञाकडे आईला नेणं म्हणजे तिला वेडी ठरवणं नव्हे, हे दादाला सांगताना आवाज चढवू नका. फोनवरून बोलून बघायचं असेल तर टेली-मानसची १४४१६ ही सरकारी हेल्पलाइन मराठीतही बोलते.

आणि कान. तोच प्रश्न ती पुन्हा विचारते, ते उत्तर विसरल्यामुळे की नीट ऐकूच न आल्यामुळे? एकदा टीव्ही बंद करून, समोर बसून, ओठ दिसतील असं उत्तर द्या आणि पुन्हा विचारते का ते पाहा. कधी कानात नुसता मळ असतो. ऐकण्याची तपासणी वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत होते. तपासणीपूर्वी कान आणि चष्मा पाहिला नाही तर स्मरणाच्या चाचणीचे गुण उगाच कमी येतात. ती चाचणी मराठीत घ्यायला सांगा. निवृत्त बाईला आज १४ की १५ तारीख हे न सांगता येणं आणि संकष्टी परवा आहे हे बिनचूक सांगता येणं, यांतलं दुसरंही डॉक्टरांनी ऐकायला हवं.

इथवर वाचून तुमची आशा वाढली असेल, म्हणून खरं तेही सांगते. २००३ साली एका संशोधकाने ३९ अभ्यास एकत्र करून पाहिले. डिमेन्शिया म्हणून तपासलेल्या लोकांपैकी साधारण ९ टक्क्यांत बरं होण्याजोगं कारण सापडलं होतं, पण ज्यांची प्रकृती खरोखर पूर्ण किंवा थोडी पूर्ववत झाली ते एक टक्क्याहूनही कमी होते. माझ्या आत्यासारखं सगळ्यांचं होत नाही. तुमच्या आईच्या बाबतीत बदल झपाट्याने आलाय, पडण्याचा इतिहास आहे, औषधं खूप आहेत, म्हणून शोधायला जास्त जागा आहे. तरी बी-१२ कमी निघालं, भरून काढलं, आणि विसरणं राहिलंच, असंही होऊ शकतं. माहीमचे एक काका आठवतात. थायरॉइड दुरुस्त झालं, झोपेची गोळी सुटली, श्रवणयंत्र बसलं, आणि अल्झायमर होताच, तो पुढे वाढत गेला. पण त्यांचं पडणं थांबलं, ते पुन्हा नातवाचं बोलणं ऐकू लागले, आणि तीन वर्षं रोज संध्याकाळी शिवाजी पार्कला एक फेरी मारत राहिले. त्यांच्या बायकोला मी विचारलं होतं, तपासण्यांचा त्रास उगाच झाला असं वाटतं का? त्या म्हणाल्या, "ती तीन वर्षं मला मिळाली ना." म्हणून "तेच निघालं तर?" या प्रश्नाला माझं उत्तर, की तरीही बरीच दुखणी कमी करता येतात, आणि पुढची तयारी आईला विचारून करता येते.

हाल होतील या दादाच्या भीतीत काळजी आहे, ती खोटी नाही. पण त्याला नेमकं सांगा: एक दिवस घरी येऊन रक्त नेतील, एक दिवस सीटी स्कॅन, एक दिवस एमडी मेडिसिन डॉक्टर. गरज वाटली तर ते पुढे न्यूरोलॉजिस्टकडे पाठवतील. पैशाचा प्रश्न असेल तर केईएम, नायर, शीव या महापालिकेच्या रुग्णालयांत हे सगळे विभाग आहेत. गर्दी असते, सकाळी लवकर जावं लागतं, आणि बरोबर दोन माणसं लागतात: एक रांगेत, एक आईजवळ. त्यातलं एक माणूस तुम्ही व्हा. तीन दिवस रजा टाका. "पंधरा दिवसांनी येऊन शिकवू नकोस" या वाक्यात राग आहे तसा थकवाही आहे, आणि तो खरा आहे. रात्री उठून आईला पलंगावर परत आणणारे दादा आणि वहिनी आहेत. तुम्ही मत घेऊन गेलात तर भांडण होईल. रजा घेऊन गेलात तर बहुधा नाही.

सहीबद्दल मात्र मी ठाम आहे. मी वकील नाही, पण एवढं नक्की: आपल्या कायद्यात कुलमुखत्यारपत्र देणारं माणूस मनाने सक्षम राहिलं नाही तर तो अधिकारच संपतो. मग आईला डिमेन्शिया आहे असं दादा म्हणत असेल, तर त्याच आईच्या सहीला उद्या कुणीही आव्हान देईल, आणि त्यात तोच अडकेल. आई सक्षम असेल तर कागद तिला मराठीत वाचून दाखवून, तिच्या वकिलासमोर, तिच्या चांगल्या वेळी करता येतील. दोन्ही बाजूंनी पाहिलं तरी आधी तपासणी, मग सही. सेवाकेंद्राचंही तसंच. ती वाईट जागा असेल असं मी म्हणत नाही, काही माणसं तिथे घरापेक्षा सुखात असतात. पण भ्रमात असलेल्या माणसाची जागा बदलली की भ्रम वाढतो. निदान होईपर्यंत तिला हलवू नका. सल्ला हवा असेल तर ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

सुरू केलेल्या गोळीबद्दल डॉक्टरांना विचारा, स्वतः बंद करू नका. मात्र जेवण कमी झालं असेल, जुलाब होत असतील, चक्कर येत असेल, तर ते त्या गोळीनेही होऊ शकतं आणि नाडीही मंदावू शकते. हे त्यांच्या कानावर घाला.

शेवटी, तुमच्या पत्रात दादा काय म्हणतो ते आहे, डॉक्टर काय म्हणाले ते आहे, तुम्हाला काय वाटतं ते आहे. आई काय म्हणते ते कुठेच नाही. पुढच्या वेळी गेलात की सकाळी जा, ती ताजी असताना. तिच्याजवळ बसून शेंगा निवडायला घ्या आणि विचारा, "आई, तुला काय होतंय गं?" मग थांबा. तिला शब्द सापडायला वेळ लागेल, तो लागू द्या. ती जे म्हणेल ते तिच्याच शब्दांत त्या कालनिर्णयच्या चौकटीत लिहा, आणि डॉक्टरांसमोर बसलात की सगळ्यात आधी तेच वाचून दाखवा.